दोनशे सहा गावांची प्रत

“मग मशीनरूमची चावी मला द्यायला अडचण काय आहे, चाचा?”

केतकी गायधनीने हे तिसऱ्यांदा विचारलं. दूध संघाचा सर्व्हर सांभाळणारे बशीरचाचा महिनाअखेरीला निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या जागी आपणच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

चाचा चहा फुंकत राहिले...

कुठल्या गावाचं दूध कुठल्या गाडीने येतं, कुठला वजनकाटा कुठे जोडलाय, अशा दोनशे सहा गावांच्या सेटिंगची प्रत ती रोज काढून वेगळी ठेवायची.

“चार वर्षांत एक दिवस चुकला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा हळदीच्या बोटांनी काढलीय.”

“काढलीस. परत बसवलीस कधी?”

“...तशी वेळच आली नाही.”

चाचांनी कोपऱ्यातल्या कोऱ्या सर्व्हरकडे बोट दाखवलं. “मग त्याच्यावर बसव की.”

केतकीला हसू आलं. हा तर तिच्या डाव्या हातचा मळ होता.

तिने कालची प्रत लावली. यंत्राने ती प्रत उघडायला पासवर्ड मागितला. तो बघायला ती चालू सर्व्हरकडे वळली, तर चाचांनी खांद्यावरचा टॉवेल त्याच्या पडद्यावर टाकला.

“हा जळाला म्हणून समज.”

“पण पासवर्ड त्याच्यातच लिहून ठेवलाय...”

आपण काय बोललो, ते तिला बोलून झाल्यावर ऐकू आलं.

पेटीची किल्ली पेटीत टाकून वर कुलूप घातलं होतं, आणि तेही चार वर्षं, अगदी नेमाने. तिचे कान तापले. मग तिने चाचांकडे पाहिलं आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. चाचाही हसले, निम्मा चहा सांडला.

टॉवेल निघाला. केतकीने पासवर्ड कागदावर उतरवला आणि लिफाफ्यात घालून संघाच्या तिजोरीत ठेवून आली. कोरा सर्व्हर दोनदा रुसला. तिसऱ्या खेपेला त्याच्या पडद्यावर एकेक गाव उतरू लागलं. इतका आनंद मला बोहल्यावरही झाला नव्हता, असं ती पुढे नवऱ्यादेखत सांगायची.

“चाचा, सगळी आली. दोनशे सहाच्या दोनशे सहा.”

चावीची तिला आठवणही राहिली नव्हती. चाचांनी ती तिच्या तळहातावर ठेवली, नव्या सर्व्हरवरची गावं डोळे भरून पाहिली...

“झकास. आता पूस ते सगळं, आणि या खेपेला टॉवेल न काढता परत बसव.”