भोपळ्यातलं उजळपाणी

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. त्या राजाच्या मुलखात डोंगराखाली एक गाव होतं. गावाला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक आपल्या लख्ख तांब्याच्या भांड्यांचा आणि दुसरा दारातल्या ताकाचा.

तांब्यात ताक कळकतं, म्हणून ते सुकवलेल्या भोपळ्यात भरून ओसरीच्या खुंटीला टांगलेलं असे. येणाऱ्याजाणाऱ्याने भोपळा उतरवावा, घोटभर प्यावं आणि पुढे जावं. "यात काय आहे?" असं मात्र कुणी विचारायचं नाही. तसं विचारणं म्हणजे त्या घराचा अपमान.

रीत मोठी गोड होती. तिच्यातली खोट कुणाच्या ध्यानात आली नव्हती, कारण भोपळ्यात ताकाशिवाय दुसरं काही कधी नसेच.

एके वर्षी जत्रेच्या तोंडावर गावात एक फेरीवाला आला. त्याच्याकडे पांढुरकं पाणी भरलेला मोठा रांजण होता.

"चिंच नको, राख नको, मनगटं दुखवणं नको!" तो ओरडला. "उजळपाणी एकदा फिरवा, तांबं लख्ख!"

गावात औषधपाणी करणारी एक म्हातारी वैदीण होती. तिने विचारलं, "कशाचं केलंयस रे हे?"

"आजी, भांडं निघाल्याशी कारण! बाकीच्या चौकशा कशाला?" फेरीवाला हसला.

ज्याने जे आणलं त्यात तो ओतून देई. बायकांनी घरातले भोपळेच आणले. पाण्याला उग्र वास येई, म्हणून ते भोपळे कुणी घरात ठेवले नाहीत. ओसरीवर, ताकाच्या शेजारच्या खुंटीला टांगले. शहाण्या माणसांना असला वेडेपणा बरा सुचतो!

दोन दिवसांनी एक शेळी अंगणात सांडलेलं उजळपाणी चाटून मेली.

"दृष्ट लागली," लोक म्हणाले.

"दृष्ट नव्हे, ते पाणी बाधलं," वैदीण म्हणाली.

"नवं काही आलं की आजींच्या पोटात दुखतं," असं म्हणून बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्याने हसली कुंभारीण. तिची भांडी त्या वर्षी गावात सगळ्यांत जास्त चकाकत होती.

त्याच दुपारी कुंभारणीची चार वर्षांची लेक बकुळी उन्हात खेळून आली. तहानेने घसा सुकलेला. ती उपड्या मडक्यावर चढली, हाताला आला तो भोपळा तिने उतरवला आणि तोंडाला लावला.

तिची किंकाळी ऐकून कुंभारीण धावली. पोरीचे ओठ भाजले होते. कुणीतरी मिठाचं पाणी आणलं, "पाजा, ओकून पडेल!" वैदिणीने ते एका फटक्यात उडवलं.

"खबरदार! जाताना जाळलं ते येताना पुन्हा जाळेल. आधी तोंड धुवा तिचं."

तिने स्वतः पोरीचं तोंड पुन्हा पुन्हा धुतलं आणि दुधाचा थेंब थेंब ओठांवर सोडला. बरंचसं थुंकलं गेलं होतं, आत थोडंच गेलं होतं. तरीही तीन दिवस कुंभारीण लेकीच्या उशाशी बसून होती. तो भोपळा तिच्याच हाताने टांगलेला होता.

चौथ्या दिवशी बकुळीने डोळे उघडले. आईने दुधाची वाटी पुढे केली. पोरगी मागे सरकली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "यात काय आहे?"

ओसरीवर सारा गाव जमला होता. कुंभारणीला रडू फुटलं आणि रडता रडताच ती हसली. "दूध आहे गं बाय! गाईचं दूध, थोडी साखर घातलीय," ती म्हणाली. बकुळीने वाटी रिकामी केली. साऱ्या गावाचा जीव भांड्यात पडला.

फेरीवाला पुन्हा आला, तेव्हा वेशीवरच कुंभारणीने त्याला अडवलं. "यात काय आहे?"

त्याने मान खाली घातली. "खरं सांगू बाई, मलाही ठाऊक नाही. रंगाऱ्यांच्या कुंडात उरतं, ते मी भरून आणतो."

पाटलाने ही हकिकत राजाच्या कानावर घातली. राजाने मुलखात दवंडी पिटवली : काय आहे ते सांगितल्याशिवाय कुणी काही विकायचं नाही आणि जाळणारी वस्तू खाण्यापिण्याच्या भांड्यात भरायची नाही. अशा वस्तूंसाठी कुंभारणीने काळी, काटेरी मडकी घडवली. ती घट्ट झाकणाची होती आणि पोरांचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर राहत.

दारातलं ताक राहिलंच. फक्त आता भोपळा उतरवणारा आधी विचारतो, "यात काय आहे?" आणि घरातून हसतमुखाने उत्तर येतं, "ताक आहे, या!" त्यानंतर त्या गावात पुन्हा कुणाचं लेकरू भाजलं नाही.

तात्पर्य : भांड्यात काय आहे हे विचारण्यात अपमान नाही, न विचारण्यात मात्र जिवाला धोका आहे.