खेकड्याच्या घरचा निळा पाहुणा

एका समुद्रकिनारी, काळ्या कातळातल्या एका खोलगट कुंडात एक खेकडा राहत असे. कुंड तसे लहानच, घरात मासे पाळायची काचेची पेटी असते तेवढे. पण खेकड्याला त्याचा कोण अभिमान! येणाऱ्याजाणाऱ्याला तो म्हणे, "आमच्याकडे शेवाळाचा एक ठिपका दाखवा, पैज लावतो." आणि खरेच, नांग्यांनी खरवडून खरवडून त्याने भिंती लख्ख ठेवल्या होत्या. काठावर एक समुद्री गोगलगाय राही. ती दगड चाटून पोट भरणारी, म्हणून हा टापटिपीचा गृहस्थ तिला घरात पाऊल टाकू देत नसे.

अमावास्येच्या उधाणात एक निळा तारामासा या कुंडात येऊन पडला. मुलांनो, नावात मासा असला तरी तारामासा काही मासा नव्हे. पाच हातांचा, सावकाश सरकणारा, अगदी मितभाषी प्राणी तो. असा देखणा पाहुणा पाहून खेकडा हरखून गेला. तारामासा म्हणाला, "पुढच्या भरतीला मी निघेन."

"छे हो! आल्या पावली कोणी परत जातं का? चार दिवस राहा की!" असे म्हणत खेकड्याने समुद्राकडच्या फटीत खडे आणि शिंपांचे तुकडे ठासून भरले. पाणी थोडेफार झिरपत राहिले, पण पाहुण्याची वाट बंद झाली.

मग सुरू झाला पाहुणचार. खेकड्याने पूर्वी एक तपकिरी तारामासा पाहिला होता. तो शिंपल्या उघडून आतले मांस खाई. तेव्हा तारामासे म्हणजे काय ते आपल्याला पुरते ठाऊक, अशी खेकड्याची समजूत. त्याने ताज्या तिसऱ्या, म्हणजे लहान शिंपल्या, फोडून पाहुण्यापुढे मांडल्या. तारामासा ओशाळून म्हणाला, "आमच्या जातीत हे खात नाहीत. दगडावर तो पातळसा थर साचतो ना, तेवढा मिळाला तरी..."

"अहो, संकोच कसला करता? घर आपलंच समजा!" खेकड्याने आणखी दोन तिसऱ्या वाढल्या. पण मनातून तो खजील झाला. पाहुण्याला भिंतीवर थर दिसला की काय! त्या दिवसापासून तो दुप्पट जोराने भिंती घासू लागला. वाढलेले तसेच पडून राही आणि संध्याकाळी यजमानच ते संपवी. "फार अल्पाहारी आहेत बुवा," असे वर कौतुकाने सांगे. आग्रह करणाऱ्याला 'नको' हा शब्द ऐकूच येत नाही, त्याला कोण काय करणार?

"अरे, तुझा पाहुणा उपाशी आहे," गोगलगाय काठावरून म्हणाली. "त्याला जाऊ दे."

"तू गप्प बस. तुला शेवाळापलीकडे काही सुचतं का?" खेकडा खेकसला.

पुढे तारामाशाच्या एका हाताचे टोक पांढुरके पडले आणि गळून गेले. गोगलगाय घाबरली. खेकडा मात्र हसला. "त्यात काय एवढं! माझी तर अख्खी नांगी तुटली होती. जुनं कवच टाकलं आणि नवी आली. यांचाही हात येईल." तो खोटे बोलत नव्हता. तारामाशाचा हातही पुन्हा उगवतो. पण त्यासाठी पोटात काही पडावे लागते. नांगी फुटत होती तेव्हा खेकडा स्वतः सकाळ-संध्याकाळ चरत होता, एवढेच तो सोयीने विसरला. वाईट वाटते ते याचेच. दुष्ट असता तर त्याला दोष देऊन मोकळे झालो असतो.

एके सकाळी तारामाशाची भिंतीवरची पकड सुटली आणि तो तळाशी उताणा पडला. खेकडा धावत आला. "अहो, काय हवं ते सांगा ना! कुठूनही आणतो!"

"सांगितलं होतं," तारामासा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानंतर तो बोलला नाही.

खेकड्याने रडत रडत फटीतले खडे उपसले. भरतीचे पाणी आत आले आणि ओहोटीबरोबर पाहुण्याला घेऊन गेले.

आता त्या कुंडाच्या भिंती कोणी घासत नाही. त्यांच्यावर मऊ हिरवट थर धरला आहे आणि गोगलगाय खुशाल आत येऊन तो चाटते. खेकडा फटीच्या तोंडाशी बसून असतो. भरतीबरोबर कोणीही आले की तो आधी विचारतो, "आपण काय खाता?" आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतो. पुष्कळ जण आले नि गेले. निळा तारामासा मात्र पुन्हा कधी आला नाही.

तात्पर्य : ज्याला जीव लावायचा, त्याची भूक आपल्या भुकेवरून मोजू नये, तो सांगेल ते ऐकावे, आणि तेवढे जमत नसेल तर निदान त्याची वाट अडवू नये.