होम थिएटर नवं घ्यावं की जुनं

"नवं घेऊ की जुनं, एवढंच सांगा बाबा."

फकीर शेळीच्या पायातला काटा काढत होता. त्यानं वर बघितलं नाही.

"काय?"

"होम थिएटर."

मिरजेबाहेरच्या त्या तकियात, म्हणजे फकिराच्या ठिकाणी, लोक मूल होत नाही म्हणून यायचे, कोर्टात केस अडकली म्हणून यायचे. स्पीकरसाठी आलेला निरंजन पहिलाच. पण फकिराच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"जुनं कोण देतोय?"

"कोल्हापूरचा एक जण. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय."

"का विकतोय?"

"परदेशी चाललाय. विचारलं मी. स्पीकरच्या कडेचं रबर दाबून बघितलं, तडकलेलं नाही. आवाज अगदी बारीक करून ऐकला, खरखर नाही. त्याची गाणी लावू दिली नाहीत, माझी घेऊन गेलो. बाबा, मला यातलं कळतं. मिरजेत लोक मला विचारून सेट घेतात."

"मग तू मला का विचारतोयस?"

निरंजननं मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

काटा निघाला. फकिरानं तो उन्हात धरून बघितला आणि टाकून दिला.

"आईसाठी घ्यायचंय," निरंजन म्हणाला. "वडील गेल्यापासून ती धड जेवत नाही. म्हणते, एकदा त्यांचा आवाज ऐकव. एक कॅसेट आहे त्यांची. टेपरेकॉर्डर नवा आणला होता तेव्हा चालतो का बघायला पेपर वाचलेला."

"मग ऐकव की."

"ऐकवली. भारीतला सेट आणून ऐकवली. इतका स्वच्छ आवाज बाबा! श्वास ऐकू येतो. पान उलटताना बोटाला थुंकी लावलेली ऐकू येते."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, माणूस चांगला वाचतो. पण हे ते नव्हेत."

शेळीनं निरंजनच्या पिशवीतून स्पीकरचं माहितीपत्रक ओढलं आणि खायला सुरुवात केली. दोघांनीही तिला हटकलं नाही.

"म्हणून याहून भारी घेतोय," निरंजन हळूच म्हणाला. "चुकलं तर... परत ती मला ऐकव म्हणणार नाही."

"वडील पेपर वाचायचे तेव्हा आई कुठं असायची?"

"स्वयंपाकघरात. भाकऱ्या करत."

"आणि ते?"

"बाहेरच्या खोलीत. मोठ्यानं वाचायचे, तिला ऐकू जावं म्हणून. रोज."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

फकीर उठला. आपल्या खोलीत गेला. आतून दार लावून घेतलं.

आत तो काहीतरी बोलायला लागला. बराच वेळ बोलला...

शेळीनं चघळणं थांबवलं. कान उभे केले. मग लंगडत लंगडत गेली आणि बंद दाराला तोंड लावून उभी राहिली.

फकीर बाहेर आला.

"काय म्हणालो मी?"

"शब्द नाही कळले."

"आत कोण होतं?"

"तुम्हीच."

"कशावरून?"

निरंजननं शेळीकडं बघितलं.

"आई कुठं बसते आता, ऐकायला?"

"सोफ्यावर, बरोबर मधोमध. मी खूण करून ठेवलीय. सगळे स्पीकर तिथं जुळतात."

"तिला स्वयंपाकघरात बसव."

निरंजननं मान खाली घातली.

"ते आता... एकच झालंय बाबा."

"काय?"

"हॉल आणि स्वयंपाकघर. मधली भिंत आवाज अडवत होती."

"मग?"

"पाडली मी."

...

फकिरानं शेळीच्या तोंडातून माहितीपत्रकाचा उरलेला तुकडा काढला. गुडघ्यावर ठेवून हातानं सरळ केला. निरंजनला परत दिला.

"कोल्हापूरवाल्याला नाही म्हणून कळवू?"

"कळव."

"मग मी घेऊ काय?"

"भिंत."

निरंजन उठला. चप्पल घातली. फाटकापर्यंत गेला आणि मागं वळला. लोकांना सेट निवडून देणारा तो माणूस, पण त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

"नवी घेऊ, बाबा?"

फकीर शेळीचा दुसरा पाय तपासत होता.

"जुनी मिळते का बघ."