मामा पाणवठ्यावर बसलाय

एक होती येसू. राजाची नव्हे रे बाबा, खाडीकाठच्या कोळ्याची. डोळे मिटा, कान तेवढे उघडे ठेवा.

येसूचं लग्न ठरलं. आता नवरीच्या पाठीशी मामा उभा नको का? पण तो येसूच्या आईच्या लग्नातच मानपानावरून रुसला होता. डोंगरापलीकडच्या रानात, आपल्या घरी जाऊन बसला तो बसलाच. आई रोज पदराने डोळे पुसायची. मग येसू म्हणाली, मीच आणते त्याला. तिने मामाला कधी पाहिलंच नव्हतं. आईने सांगितलं, मिशा मोठ्या, आवाज भारी, बोलणं कमी.

आता ऐका बरं का. त्या रानात वाघाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो येतो म्हणे. मग म्हणतात काय? मामा. आईही तिथलीच, तिने घरात वाघाचा विषय कधी काढला नाही. त्यामुळे वाघ म्हणजे काय, हे येसूच्या गावीही नव्हतं.

मग येसू निघाली. रान असं दाट की दिवसा अंधार. वाटेत लाकूडतोड्या भेटला. मामा कुठाय विचारलं, तर तो कुऱ्हाड टाकून झाडावरच चढला. वरून म्हणाला, पाणवठ्याकडे गेलाय. येसूला वाटलं, मामाचा दरारा आहे हो. पुढे वानरं खक-खक करत होती. बिचाऱ्यांना खोकला झालाय, येसू म्हणाली. मग एक सांबर पाय आपटताना दिसलं. तिला वाटलं, नाचतंय. मग मध काढणारी म्हातारी धापा टाकत आली. मामा पाण्याशी बसलाय, परत फीर पोरी, म्हणाली. परत कशी फिरू, त्यालाच न्यायला आलेय, येसू म्हणाली. म्हातारीने कपाळावर हात मारला.

पाणवठ्यावर मामा बसला होता. मिशा होत्या. आवाजही भारी. पण आई शेपटीचं काही बोलली नव्हती. येसू गोंधळली. मग म्हणाली, असेल, रानात राहून माणूस बदलतो. पदर सावरून ती वाकली.

"मामा, रुसवा सोडा. तुमच्यावाचून माझं लग्न अडलंय."

वाघ उठला. झडप घालावी, तर पायाशी भाची. मामा म्हणून पळणारे त्याने पुष्कळ पाहिले होते, मामा म्हणून वाकलं कुणीच नव्हतं. त्याला काही सुचेना. मग निघाला बिचारा तिच्या मागून.

मांडवात मामा नवरीमागे उभा राहिला. भटजी मंगलाष्टकं विसरले. वाजंत्र्यांनी खांबाचा आसरा घेतला. हे कुठले पाहुणे, कुणालाच कळेना. नवरदेवाला तर अंतरपाटापलीकडचं काही दिसतच नव्हतं.

येसूच्या आईने मात्र ओळखलं. आपला भाऊ आलेला नाही, हेही तिला कळलं. तिने ओवाळणीचं ताट उचललं. मग पुढे झाली, त्या भल्याथोरल्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओवाळलं.

"दादा," ती म्हणाली, "फार वाट पाहायला लावलीस रे." आणि लहान पोरीसारखी रडली.

वाघाने मान खाली घातली. अक्षता पडल्या.

मग पाहुणा टोपलीभर मासे खाऊन रानात गेला. येसू सुखाने नांदली. आणि तिच्या आईने पुन्हा कधी पदराने डोळे पुसले नाहीत. निजा आता.