देवघरातला पिवळा बल्ब

सांगा बरे, जो डोळे दिपवतो तो जीव जगवतोच, असे तुम्हाला वाटते का?

फार पूर्वी एका खिडकी नसलेल्या देवघरात तुळशीचे कोवळे रोप होते. त्याच्या डोक्यावर पिवळा बल्ब लोंबत असे आणि बाजूच्या भिंतीवर पांढरी ट्यूब होती.

बल्बच्या धगीने तुळशीची पाने करपू लागली. ती म्हणाली, "दादा, जरा सौम्य व्हा. अशाने देवाच्या नैवेद्याला एक पानही धड उरणार नाही."

"मी इथला सूर्यनारायण! सूर्याला कोणी सौम्य हो म्हणते का गं?"

"ताई, माझा उजेड गार आहे," ट्यूब म्हणाली. "जवळ आलीस तर तुला पुरेल."

"जा की त्या फिकट बयेकडे! पाय आहेत का तुला?" बल्ब हसला.

"पाय नाहीत, पण वाकता येते," तुळस म्हणाली आणि चटके सोशीत रोज थोडी थोडी ट्यूबकडे कलत राहिली.

एके सकाळी घरच्या मथुराबाई नैवेद्यासाठी पान खुडायला आल्या. बल्बखालची सगळी पाने जळकी होती. ट्यूबकडे वळलेली तेवढी हिरवीगार. त्यांना काय ते उमगले. त्यांनी कुंडी ट्यूबच्या अगदी जवळ ठेवली आणि बल्ब काढून न्हाणीघरात, बंबाच्या वर लावला. तिथल्या धुराने त्याची काच अशी माखली की, त्याच्याकडे पुन्हा कोणी मान वर करून पाहिले नाही.