नव्या सदरेवरचा मध

बायजाक्का डोंगरावरून मध आणायची, तो जिभेवर ठेवला की डोळे आपोआप मिटायचे आणि सगळं रान फुललेलं दिसायचं. यंदा मात्र नव्या सदरेवर बसलेल्या देशमुखांनी बोट चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"कडसर लागतोय. भेसळ केलीस, बायजे. उद्यापासून रानात पाऊल टाकायचं नाही."

बायजाक्काने वर पाहिलं. छताच्या तुळयांभोवती दोन मधमाश्या झोपेत चालल्यासारख्या घिरट्या घालत होत्या.

"सरकार, माश्या हिरड्याच्या फुलांवर जायच्या. ते हिरडे तोडून तुम्ही ही सदर उभी केलीत. मागं जांभळी उरल्या, त्यांचा मध कडसरच. जुनी गोडी कुठं गेली नाही, तुमच्या डोक्यावरच आहे. शिडी मागवा आणि चाटून बघा."

देशमुखांनी मान वर करून तुळयांकडे पाहिलं. रानबंदीचं नाव पुन्हा निघालं नाही.