बगळेबुवांची शाळा

फार मागची गोष्ट, नदीला अजून नावही पडलं नव्हतं. काठावर बगळेबुवांची मासे धरायला शिकवणारी शाळा होती. तिच्या दारातून सगळ्यात जास्त पिल्लं रडत परतायची, म्हणून सगळे तिलाच थोर म्हणायचे.

सोनाई नावाची खंड्या पक्षीणही तिथंच लेकाला घेऊन गेली. पूर येऊन पाणी गढूळ व्हायच्या आत त्याला मासा धरता आला नाही, तर तो उपाशीच राहायचा.

बुवा म्हणाले, "आधी मासा धरून दाखव, मग आत ये."

पिल्लू रडत परतलं. सोनाईनं मान खाली घालून त्याला टिबुकली या बुड्या मारणाऱ्या पाणपाखराकडे नेलं. ती येईल त्या प्रत्येकाला शिकवायची.

"गटांगळ्या खाता येतात ना? मग चल बाळा!" टिबुकली हसली.

पुराआधीच पिल्लाच्या चोचीत मासा चमकला. तसे बुवा लगबगीनं आले. "सोनाबाई, हा आमच्याच शाळेत शोभेल. धाडा उद्यापासून!"

"अहो बुवा, मासा तर आता धरता येतो त्याला. तुम्ही काय शिकवणार?"

पिल्लानं पहिला मासा टिबुकलीपुढं ठेवला. सोनाई तृप्त हसली. बुवा मात्र एक पाय वर घेऊन उत्तर शोधत उभे राहिले, ते अजून तसेच उभे आहेत.